बॅटरी बसली की घात जाते

जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे होईल, पीककर्जावर होईल, विम्यावर होईल. ते व्हायलाच हवे. या वेळी या पानावर मात्र आम्ही मुद्दाम असा विषय घेतला आहे, की जो कुठल्याच ठरावात येत नाही आणि तरी दर हंगामात शेतकऱ्याच्या खिशाला भोक पाडून जातो. विषय आहे ट्रॅक्टरच्या बॅटरीचा. त्यातही जुन्या ट्रॅक्टरवर नव्याने बसवल्या जाणाऱ्या सीलबंद बॅटरीचा, जिला दुकानदार 'मेंटेनन्स फ्री' म्हणतो.

हा काय अग्रलेखाचा विषय झाला, असे काहींना वाटेल. त्यांनी हिशेब करून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर केला. ट्रॅक्टरची बरी सीलबंद बॅटरी सात-आठ हजारांच्या घरात जाते. म्हणजे एक बॅटरी म्हणजे एक क्विंटल कापूस, तोही हमीभाव हातात पडला तर. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल वेचला गेला तर वर्ष बरे गेले म्हणणारी आपण माणसे. त्यातला एक क्विंटल बॅटरीच्या पेटीत जाऊन बसतो. ती पेटी चार-पाच वर्षे चालली तर खर्च पचतो. दीड वर्षात फुगून फेकावी लागली तर तो खर्च ना कृषिमूल्य आयोगाच्या तक्त्यात दिसतो, ना बँकेच्या कर्जमर्यादेत. यंत्राची झीज सरासरीने धरली जाते आणि सरासरीत आपला फुगलेला डबा कुठे दिसणार?

पैशापेक्षा मोठे नुकसान घातीचे असते. काळ्या जमिनीत मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की वखरणी-पेरणीला हातात मोजके दिवस असतात. रब्बी ज्वारीचे तर आणखी अवघड, कारण परतीच्या पावसाची ओल वर असेपर्यंत बी पडले पाहिजे. त्या सकाळी किल्ली फिरवावी आणि सेल्फने नुसते कट्‌ कट्‌ करावे, यासारखा संताप दुसरा नाही. मग चार गडी गोळा करा, उतार शोधा, धक्का मारा. ज्याच्या ट्रॅक्टरवर गावातली आणखी दहा घरे अवलंबून आहेत, त्याची बॅटरी बसली म्हणजे दहा घरांचा पेरा अडला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सीलबंद बॅटरी वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. शेतकऱ्याला नवे तंत्र नाकारण्याचा उपदेश आम्ही कधी केला नाही आणि आजही करणार नाही. तक्रार वेगळी आहे. ही बॅटरी ज्या चार्जिंगसाठी बनवली आहे ते चार्जिंग जुन्या ट्रॅक्टरवर नसते, आणि ही गोष्ट विकताना कोणी सांगत नाही.

जुन्या झाकणाच्या बॅटरीत सहा बुचे असायची. पाणी कमी झाले की डिस्टिल्ड वॉटर टाकायचे, अ‍ॅसिडचे काटा लावून वजन बघायचे, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी साय गरम पाण्याने धुऊन थोडे ग्रीस लावायचे. कटकट होती, पण बॅटरीच्या पोटात काय चालले आहे ते कळायचे. जास्त चार्जिंग झाले की पाण्याचे वायूत रूपांतर होऊन ते उडून जाते. झाकणाच्या बॅटरीत ते परत भरता येते. सीलबंद बॅटरीत कंपनीने जे पाणी घातले तेवढेच. जास्तीचा वायू बारीक छिद्रातून बाहेर जातो आणि गेलेले पाणी परत घालायला जागाच नाही. म्हणून तिला चार्जिंग मापात लागते. इंजिन मध्यम रेसवर असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १४.८ च्या वर गेले की ती शिजू लागली समजा. १३.२ च्या खाली राहिले तर ती उपाशी आहे.

नव्या ट्रॅक्टरवर अल्टरनेटर असतो आणि त्याच्या पोटातच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो, तो हे माप सांभाळतो. आपल्याकडचे जुने ट्रॅक्टर, बापाने घेतलेला झेटर, एस्कॉर्ट, बी-२७५, यांतल्या बऱ्याच गाड्यांवर मुळात डायनामो आणि डब्यातला कटआउट-रेग्युलेटर होता. त्या डब्यात स्प्रिंग आणि पॉइंट असतात. वर्षानुवर्षांच्या हादऱ्याने स्प्रिंग ढिली पडते, पॉइंट जळतात आणि माप सुटते. मग कोणीतरी पकडीने पट्टी वाकवून 'चार्जिंग वाढवून' देतो. झाकणाच्या बॅटरीने हा अत्याचार सोसला, कारण आपण महिन्याला पाणी घालत होतो. सीलबंद बॅटरी तो सोसत नाही.

सगळ्यात जास्त बॅटऱ्या मरतात त्या मळणीत. पेरणीत ट्रॅक्टर थांबत-वळत चालतो. ज्वारीच्या मळणीवर मात्र तो सकाळपासून दिवे लागेपर्यंत एका जागी, एका रेसवर उभा असतो. ऊन डोक्यावर, इंजिनची धग बाजूला, अंगावर भुसा. अशात रेग्युलेटर १५ व्होल्टच्या वर सोडत असेल तर दिवसभर तेच चालते. उष्णता हा बॅटरीचा पहिला शत्रू आहे. ढोबळ नियम असा, की बॅटरीचे तापमान कायम १० अंशांनी वाढले तर तिचे आयुष्य निम्म्यावर येते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात हा नियम काय करत असेल ते सांगायला नको. मळणीच्या दिवसांत बॅटरीच्या पेटीवरचा भुसा रोज झाडावा, दुपारी एकदा पेटीला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर काम थांबवून आधी चार्जिंग तपासून घ्यावे. बाजू फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. ती गेली.

उलटाही रोग आहे. डायनामो हळू रेसवर चार्जिंग करीत नाही. रात्री दिवे लावून ट्रॉली हळूहळू जिनिंगवर न्यायची, रांगेत इंजिन हळू चालू ठेवायचे, चार वेळा बंद-चालू करायचे, म्हणजे बॅटरीतून जाते जास्त आणि येते कमी. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पाट्यांवर शिशाचे कडक मीठ बसते आणि ते नंतर कितीही चार्जिंग केले तरी पूर्ण सुटत नाही.

यावर आमचा सल्ला सरळ आहे. ज्याच्या ट्रॅक्टरवर डायनामो आहे आणि तो बदलायचा नाही, त्याने झाकणाचीच बॅटरी घ्यावी. ती आजही मिळते आणि सहसा स्वस्त पडते. दुकानदार 'आता ते जुने कोणी घेत नाही' म्हणेल, म्हणू द्यावे. ज्याला सीलबंदच हवी त्याने आधी रेग्युलेटर नीट करून घ्यावा, किंवा एकदाच पैसे घालून अंगचा रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर बसवून घ्यावा. बसवताना एक लक्षात ठेवावे. डायनामोच्या काळातल्या काही ट्रॅक्टरांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली असे. न पाहता अल्टरनेटर लावला तर पहिल्याच झटक्याला त्याचे डायोड उडतात. आणि अल्टरनेटरच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढण्याची जुनी सवय सोडावी, त्यानेही डायोड जातात. ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी सोडवून बाजूला ठेवावी. सोडवताना चेसिसची वायर आधी काढावी, लावताना ती शेवटी लावावी. पाना चेसिसला टेकून ठिणगी पडली आणि वर वायू साठलेला असला तर पेटी तोंडावर फुटते.

तालुक्याच्या गावी बॅटरी चार्जिंगची दुकाने असतात, त्यांचेही थोडे सांगितले पाहिजे. तिथे एका फळीवर सात-आठ बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, मागे मोठा जुना चार्जर, आणि रात्रभर सगळ्यांतून सारखाच करंट. झाकणाच्या बॅटऱ्यांसाठी ही रीत चालून गेली. त्या रांगेत आपली सीलबंद बॅटरी बसली की ती आधी भरली काय आणि नंतर भरली काय, करंट थांबत नाही. सकाळी ती गरम आणि फुगलेली मिळते आणि 'तुमची बॅटरीच खराब होती' हे ऐकून घ्यावे लागते. सीलबंद बॅटरी वेगळी लावायला सांगावी. करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाइतका असावा, म्हणजे ८८ ची बॅटरी असेल तर आठ-नऊ अँपिअर. व्होल्टेज १४.४ च्या आसपास आपोआप अडवणारा चार्जर असावा. अर्धी उतरलेली बॅटरी अशा चार्जिंगला सहा-आठ तास घेते. दोन तासांत 'फुल करून देतो' म्हणणाऱ्याकडे बॅटरी ठेवू नये.

झाकणावरच्या हिरव्या डोळ्यावर फार विसंबू नये. तो डोळा सहा घरांपैकी फक्त एका घराचे सांगतो. बाकी पाचांतले एक मेले असले तरी तो हिरवाच दिसतो. त्यापेक्षा दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घरात असावा. रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिल्यावर सकाळी, किल्ली न लावता मोजावे. १२.६ ते १२.७ आले तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्जिंगला. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी तरी थकली, नाहीतर सेल्फ तरी जास्त ओढतो. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल आणि चेसिसची वायर घासून पुन्हा एकदा मोजावे. किती तरी बॅटऱ्या नुसत्या गंजलेल्या क्लॅम्पपायी भंगारात गेल्या आहेत.

कोरडवाहू गावातला ट्रॅक्टर वर्षातले कित्येक महिने उभा असतो. पीक उभे आहे, रानात शिरता येत नाही, भाड्याचे काम नाही. उभी बॅटरी आपोआप उतरत राहते आणि उन्हाळ्यात ही उतरण थंडीपेक्षा कितीतरी वेगाने होते. महिनाभर ट्रॅक्टर लागणार नसेल तर चेसिसची वायर काढून ठेवावी आणि दोन महिन्यांनी एकदा मीटर लावून, गरज असली तर चार्जिंग करावे. आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे हा काही उपाय नाही. सेल्फने घेतलेलेसुद्धा तेवढ्यात भरून येत नाही.

आता ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांच्याविषयी. सीलबंद बॅटरी आज त्यांच्याही घरात आहे, फवारणीच्या पंपात आणि झटका मशीनमध्ये. पंपातली छोटी बॅटरी, बहुतेक १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची, ही आणखी नाजूक जात. तिच्यात मोकळे अ‍ॅसिड नसते, ते काचेच्या तंतूंच्या गादीत भिजवलेले असते. तिला पंपासोबत आलेलाच चार्जर लावावा. ट्रॅक्टरच्या चार्जरचे चिमटे तिला लावू नयेत. फवारणी संपली की त्याच संध्याकाळी भरावी. शेवटची फवारणी झाली की पंप रिकाम्या बॅटरीनिशी खुंटीला टांगला जातो आणि पुढच्या आषाढात काढतो तर ती मेलेली असते. दिवाळीला, संक्रांतीला आणि पाडव्याला एकेकदा चार्जिंग केले तर एवढ्यावर ती आणखी एक-दोन हंगाम काढते. बॅटरीला हात लावण्याआधी पंप धुवावा, नंतर हात धुवावेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

झटक्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात, म्हणून तार ओढावी लागते. मशीन बॅटरीवर चालते आणि सौर पाटी तिला भरते. पाटी आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर असलाच पाहिजे. नाहीतर उन्हाळ्यात ती शिजते आणि आभाळाच्या दिवसांत उपाशी राहते. ट्रॅक्टरला सेल्फ मारायला न पुरणारी, पण न फुगलेली जुनी बॅटरी झटक्याच्या कामाला पुष्कळदा चालून जाते, ती लगेच भंगारात देऊ नये. पण बॅटरी बसली म्हणून कोणी तारेला घरची किंवा मोटारीची लाईन जोडली, तर त्याला आम्ही आपला म्हणणार नाही. झटका मशीन क्षणभराचा ठोका देते, लाईन माणसाला धरून ठेवते. अशा तारेवर जाणारी माणसे शेजारची असतात, पहाटे पाणी द्यायला निघालेली असतात, कधी घरचेच पोर असते. कायद्याने हा गुन्हा आहे आणि तुरुंगवास होतो, पण तुरुंग ही त्यातली लहान गोष्ट आहे.

आता सरकार आणि बाजार. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टरवरचा कर १२ चा ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब, रेडिएटर, गिअरबॉक्स, क्लच, सायलेन्सर हे १८ वरून ५ वर आले. चांगले झाले, आम्ही त्याला नावे ठेवत नाही. मात्र शिसे-अ‍ॅसिड बॅटरी २८ वरून १८ वर येऊन थांबली. ट्रॅक्टरचा टायर हा शेतीचा आणि ट्रॅक्टरची बॅटरी मात्र चैनीच्या मोटारीची, हे गणित कोणी मांडले? व्यापारी भरलेला कर पुढे वळता करून घेतो. शेतकऱ्याला तो कुठेच वळता करता येत नाही, तो त्याच्या उत्पादन खर्चात मुरतो. कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवायचा होता तेव्हा २०२५ च्या १८ ऑगस्टला हुकूम निघाला आणि १९ पासून लागू झाला. इच्छा असली की सरकारला एक रात्र पुरते. ट्रॅक्टर, पंप आणि झटक्याच्या बॅटरीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांइतकाच ५ टक्के कर लावावा, असा ठराव या बैठकीत मांडला जाईल.

वॉरंटीचे कार्ड ही दुसरी गंमत. त्यावर अमुक महिने पूर्ण बदली आणि पुढचे अमुक महिने किमतीत सवलत असे लिहिलेले असते. बॅटरी गेली की दुकानदार मीटर लावतो आणि 'तुमच्या गाडीचे चार्जिंग जास्त आहे, वॉरंटी बसत नाही' असे सांगून मोकळा होतो. मग बसवताना मीटर का लावला नाही? आमची मागणी साधी आहे: ट्रॅक्टरवर बॅटरी बसवताना विक्रेत्याने इंजिन चालू करून व्होल्टेज मोजावे आणि तो आकडा तारखेसह कार्डावर लिहून सही करावी. कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. आपण गिऱ्हाईक आहोत, आपणच आग्रह धरावा. पक्के बिल घ्यावे, त्यावर बॅटरीचा नंबर लिहून घ्यावा. त्यावरही कोणी दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. ट्रॅक्टर हा 'धंद्याचा' म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या आत बसते. आधी फोन करायचा तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

जुनी बॅटरी फुकट सोडू नये. तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शिशाचा असतो आणि शिशाला भाव आहे. नवी घेताना जुनीची किंमत बिलात वेगळी दाखवून घ्यावी. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. गावाबाहेर भट्टी लावून शिसे गाळणाऱ्याला मात्र ती दहा रुपये जास्त मिळतात म्हणून देऊ नये. तो धूर आपल्याच पोरांच्या आणि गुरांच्या पोटात जातो.

प्रत्येक तालुका शाखेने एक मल्टीमीटर आणि एक आपोआप बंद होणारा चार्जर वर्गणीतून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. तो कोणाच्या ओसरीवर ठेवायचा ते शाखेने ठरवावे. त्याची नोंदवही ठेवावी: कोणती बॅटरी, कधी घेतली, किती महिने चालली, वॉरंटीला काय उत्तर मिळाले. पाच-सहा तालुक्यांच्या अशा वह्या हाती आल्या की कोणती बॅटरी आपल्या उन्हात टिकते ते आपल्याला जाहिरातीवाचून कळेल, आणि ग्राहक आयोगापुढे उभे राहायला कागदही तयार असेल.

बैठकीला ट्रॅक्टरने येणाऱ्यांनी गाडी मांडवाच्या मागच्या बाजूला लावावी. जेवणाच्या सुटीत तिथे मीटर लावून प्रत्येकाचे चार्जिंग पाहिले जाईल. बॅटरीचे कार्ड आणि बिल सोबत आणावे, पंपाची बॅटरी आणली तरी चालेल.